१९५२ हे साल छापण्याआधी : आमच्या शाळेच्या शताब्दी स्मरणिका समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेतल्या स्काऊट पथकाच्या पानाचा मसुदा तुम्ही आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. मजकूर अर्ध्या पानाचा आहे. शाळेच्या स्काऊट पथकाची स्थापना १९५२ साली झाली, हे त्यातलं पहिलं वाक्य. पुढे राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या मुलांची यादी आणि खाली एका मेळाव्याचा फोटो.

ते पहिलं वाक्य चुकीचं आहे. माझ्याकडे त्याचा कागद आहे, म्हणूनच एवढ्या ठामपणे सांगतो. तो कागद कुठून आला, त्यात काय आहे आणि तो एकटा का पुरत नाही, ते पुढे लिहिलं आहे. पत्र समितीच्या पत्त्यावर बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. पण उरलेले कागद नाशिकमध्ये कुणाच्या माळ्यावर आहेत ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. ज्यांच्या घरी आहेत त्यांच्यापर्यंत हे पोहोचावं, म्हणून ते सर्वांसमोर ठेवतो आहे.

आधी १९५२ आलं कुठून ते बघू. स्काऊट खोलीच्या दारावरच्या निळ्या पाटीवर ते साल आहे. मी पथकात होतो तेव्हा दर शनिवारी ती पाटी पुसण्याची पाळी आमच्या संघाकडे, म्हणजे पथकातल्या आमच्या गटाकडे असायची, त्यामुळे तिच्यावरचं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. पाटीवर सालाच्या वर नोंदणी क्रमांक आहे आणि त्याच्या वर 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही अक्षरं. उत्तर या अक्षरांतच आहे. ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी जन्मली. त्याआधी देशात बॉय स्काऊट्स असोसिएशन वेगळी होती आणि हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी लक्ष घातलं आणि दोन्हींची एक संस्था झाली. गर्ल गाईड्स १५ ऑगस्ट १९५१ ला त्यात आल्या. जुन्या पथकांची नावं मग नव्या संस्थेच्या दप्तरात चढली. आपल्या पथकाचा क्रमांक १९५२ मध्ये आला, एवढंच ती पाटी सांगते. नवं रेशनकार्ड मिळालं त्या दिवशी घर बांधलं, असं कुणी म्हणत नाही.

आता कागदाविषयी.

सप्टेंबर १९६९ मध्ये मी सातवीत होतो. गोदावरीचा तो पूर ज्यांनी पाहिला त्यांना त्याविषयी वेगळं सांगायला नको. नाशिककर पूर सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर मोजतात, पण त्या वेळी पायऱ्या मोजायच्याही भानगडीत कुणी पडलं नाही. पाणी ओसरल्यावर आमच्या स्काऊट सरांनी पथकाला बोलावलं आणि आम्ही सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत चार दिवस घराघरातला गाळ काढत होतो. स्काऊटची काठी साडेपाच फुटांची असते आणि तिच्यावर फूट-इंचांच्या खुणा असतात. सर आम्हाला प्रत्येक भिंतीवरच्या ओलीची उंची त्या काठीने मोजायला लावायचे आणि एका वहीत टिपायचे. तेव्हा ते का, हे कळलं नव्हतं. नुकसानभरपाईचे अर्ज लिहिताना लोकांना ते आकडे उपयोगी पडले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सर आम्हाला शाळेच्या जुन्या इमारतीत घेऊन गेले. तळमजल्यावरच्या स्काऊट खोलीतलं कपाट पालथं पडलं होतं. तंबू, दोर, झेंडे, सगळ्यांवर चिखल. खालच्या खणात वह्या होत्या. किती होत्या ते सांगता येणार नाही, कारण बहुतेकांचा लगदा झाला होता. एकच वही जाड पुठ्ठ्याची आणि कापडी कण्याची होती, ती वाचली. सरांनी ती टॉवेलात गुंडाळून तिवंध्याच्या बाजूला त्यांच्या वाड्यात नेली. उन्हात ठेवू या, असं मी म्हणालो. उन्हात कागद वाकडा होतो आणि पानं एकमेकांना कायमची चिकटतात, असं सर म्हणाले. माडीवर, सावलीत, प्रत्येक दोन पानांमध्ये टिपकागद घालून ती वही सुकवली. रोज संध्याकाळी ओला टिपकागद काढायचा आणि कोरडा घालायचा. टिपकागद संपल्यावर वर्तमानपत्राची पानं घातली. हे दोन आठवडे चाललं. माझी पाळी दिवसाआड असायची.

त्या वहीतली काही पानं जशीच्या तशी राहिली आणि काही कोरी झाली. याचं कारण सरांनी सांगितलं ते असं. दौतीतल्या जुन्या पद्धतीच्या काळ्या शाईत लोह असतं, ती कागदात मुरते आणि पाण्याला दाद देत नाही. गोळी विरघळवून केलेली निळी-जांभळी शाई मात्र पहिल्या पाण्यातच पसरते. आमच्या पथकातल्या मुलांनी रोजच्या नोंदी काळ्या शाईने लिहिल्या होत्या. पहिलं पान, म्हणजे पथकाचं नाव, स्थापना, पहिल्या स्काऊट मास्तरांचं नाव, हे सगळं कुणीतरी हौसेने रंगीत शाईत, नक्षी काढून लिहिलं होतं. त्या पानावर आज जांभळा डाग आहे. एक अक्षर लागत नाही.

सर गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी मला फोन करून ती वही दिली. ती आज माझ्याकडे आहे. पहिलं पान गेल्यामुळे पथकाचं जन्मसाल मी सांगू शकत नाही. पण वहीच्या साधारण मध्यावर एक नोंद आहे. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या निधनामुळे त्या दिवशीची कवायत रद्द केली आणि पथकाचा झेंडा अर्ध्यावर ठेवला, अशी. पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी गेले. म्हणजे तेव्हा पथक होतं, त्याला स्वतःचा झेंडा होता आणि त्याआधीची निम्मी वही भरलेली होती. १९५२ च्या किमान सोळा वर्षं मागे आपण एका पानात गेलो.

मसुदा करणाऱ्या सदस्यांनी शाळेचं दप्तर तपासलं नाही, असं मी म्हणत नाही. १९५० च्या आधी स्काऊटचा उल्लेखच सापडत नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि ते खरंही असेल. कारण त्यांनी 'स्काऊट' हा शब्द शोधला. माझ्या वहीत तो शब्द फारच थोड्या वेळा येतो. तिथे शब्द आहे 'बालवीर'. बालवीर पथक, बालवीरांची कवायत, बालवीरांची सहल. त्या काळात मराठीत हाच शब्द रूढ होता. पुन्हा एकदा हाच शब्द डोळ्यांपुढे ठेवून दप्तर उघडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कुठे उघडायचं तेही सांगतो, कारण वार्षिक अहवालात या गोष्टी कमी सापडतात. जडसंग्रह नोंदवही काढा. काठ्या, शिट्ट्या, तंबू, बिगूल शाळेने विकत घेतले की त्यांची नोंद त्या वहीत होणारच, आणि तिथे तारीख आणि रक्कम दोन्ही असतात. काठ्यांची पहिली खरेदी सापडली तर पथकाच्या सुरुवातीच्या अगदी जवळ पोहोचता येईल. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढा. जुनी पानं मोडी लिपीत असण्याची दाट शक्यता आहे. ती नीट वाचणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, त्यांना बोलवा, अंदाजाने वाचू नका. तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे ज्या बुकात आहेत ते काढा. अशा साहेबांपुढे पथकाला कवायत करायला उभं करण्याची पद्धत होती, त्यामुळे दोन ओळींचा का होईना शेरा मिळेल. आणि शाळेबाहेर, सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथल्या जुन्या नियतकालिकांत गावच्या शाळांच्या बातम्या चाळायला एखाद-दोन तरुण माजी विद्यार्थी बसवा.

सुरुवात किती मागे असू शकते? याचं उत्तर पुराव्याशिवाय देऊ नये, पण हद्द आखता येते. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं ते ऑगस्ट १९०७ मध्ये. भारतात पहिलं पथक कॅप्टन बेकर यांनी १९०९ साली बंगलोरला काढलं, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात प्रवेश नव्हता. कवायत करणारी, खुणांनी बोलणारी, जंगलात रात्र काढणारी भारतीय मुलं सरकारला नको होती. १९०९ या सालाचा नाशिकला दुसराही अर्थ आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे अठरा वर्षांचेही नव्हते. ज्या गावात हे घडलं, त्या गावच्या शाळकरी मुलांच्या हातात काठी आणि अंगावर गणवेश द्यायला सरकारला किती काळ जड गेलं असेल, याचा विचार करा. आपल्या पथकाचा प्रारंभ शोधताना ही गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही.

भारतीय मुलांसाठी वाट हळूहळू उघडली. १९१३ मध्ये व्हिवियन बोस यांनी मध्य प्रांतात काम सुरू केलं. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना उभी केली. पुढच्या वर्षी पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समिती स्काऊट असोसिएशन काढली. १९२१ ला बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना त्यांच्या मूळ संस्थेत मिसळली, मालवीयांची बाहेर राहिली. भारतीय मुलांना दारं खऱ्या अर्थाने खुली झाली ती या सुमारास. म्हणून आपलं पथक १९२० च्या दशकात कधीतरी किंवा १९३० च्या दशकाच्या आरंभी निघालं असावं, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, ते छापू नका. छापण्यासारखं आज एवढंच आहे की जानेवारी १९३६ मध्ये ते होतं.

आता ज्या दोन गोष्टींसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, त्या.

पहिली, वचनाची. वहीत मुलांनी घ्यायच्या वचनाचा मराठी मसुदा उतरवलेला आहे आणि त्यात ईश्वराबरोबर बादशहाशी निष्ठा आहे. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी फोनवर काळजीच्या सुरात विचारलं, की हे छापायलाच हवं का, शताब्दीच्या वेळी लोक काय म्हणतील. माझं म्हणणं असं, की छापायलाच हवं. ते वचन नाशिकच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांनी घेतलं, त्याशिवाय त्यांना स्कार्फ मिळत नव्हता. त्याच मुलांच्या घरात खादीही होती. १९३७ च्या आरंभी दिल्लीला जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा झाला, त्या वेळी बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांवरून देशभर संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. आपलं पथक तेव्हा कुठल्या बाजूला गेलं? माझी वही त्याआधीच संपते. पुढची वही लगद्यात गेली की कुणी घरी नेली, ते कळायला मार्ग नाही. ती कुणाच्या घरी असेल तर मी हात जोडून मागतो आहे.

दुसरी गोष्ट चुलींची.

वहीत पांडवलेणीच्या पायथ्याशी झालेल्या एका शिबिराचं वर्णन आहे. डोंगर चढले, लेणी पाहिली, काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढली, एका संघाची डाळ करपली आणि ती सगळ्यांनी तशीच खाल्ली. लिहिणारा मुलगा मोठा रसाळ लिहितो. शेवटी स्वयंपाकाच्या पाळ्या दिल्या आहेत. तिथे दोन चुली आहेत. पहिल्या चुलीपुढे संघवार नावं. दुसऱ्या चुलीपुढे फक्त तीन नावं, त्यांना संघच नाही. आडनावं वाचली की कारण समजतं. त्यांच्यासाठी पाण्याचा हंडाही वेगळा लिहिला आहे.

ही नोंद बादशहाच्या पानाच्या आधीची आहे. म्हणजे ज्या शहरात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं चालला, त्याच शहरात, त्याच काळाच्या आसपास. स्काऊट हा प्रत्येक स्काऊटचा भाऊ असतो, हा नियम याच वहीत काही पानं मागे सुंदर अक्षरात लिहिलेला आहे.

बादशहाच्या पानानंतर, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर केव्हातरी, सोमेश्वरला झालेल्या शिबिराची नोंद येते. तिथे चूल एकच आहे. ती तीन नावं वेगवेगळ्या संघांत विभागलेली आहेत आणि त्यांतला एक जण घार संघाचा नायक आहे. मधे काय झालं ते वहीत नाही. कुणीतरी ठरवलं असणार. एखाद्या स्काऊट मास्तरांनी पालकांचा रोष पत्करला असेल, एखाद्या मुलाने जेवायला नकार दिला असेल, किंवा त्या तिघांनीच पथक सोडायची तयारी केली असेल. आपल्या पथकाच्या सुरुवातीच्या काळात याहून मोठी घटना मला दिसत नाही. झेंड्याचा क्रमांक, पुरस्कारांची यादी, मेळाव्याचा फोटो हे सगळं राहू द्या, पण स्मरणिकेत या दोन शिबिरांची दोन्ही पानं शेजारी शेजारी छापा. फक्त दुसरं छापाल आणि पहिलं गाळाल, तर दुसऱ्याला अर्थ राहणार नाही. ती तीन नावं मी इथे देत नाही. त्यांच्या घरच्यांना शोधू, वही दाखवू, त्यांची परवानगी घेऊ आणि मग नावांसकट छापू. नातवंडं नाशिकमध्येच असतील तर तीही आपल्याच शाळेत शिकली असण्याची शक्यता आहे.

वेळ थोडा आहे. १९५० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाऐंशी ओलांडून गेला. दोन संस्थांची एक झाली तेव्हा पथकात काय घडलं, वचनातलं बादशहाचं नाव कुठल्या दिवशी गेलं, कुठला गणवेश उतरवला आणि कुठला चढवला, हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी उरली असतील. त्यांना सत्कारासाठी मंचावर बसवून शाल-श्रीफळ देण्याआधी त्यांच्या घरी जाऊन दोन तास ऐकायला हवं. मोबाईलवर आवाज टिपून घ्या. प्रश्न साधे विचारा: शिबिराला जाताना पैसे किती लागायचे, बूट कुणाकडे होते, सिंहस्थात तुम्हाला कुठे उभं केलं होतं. यात्रेत हरवलेली माणसं शोधणं आणि पाणी वाटणं हे आमच्या वेळीही पथकाचं काम होतं. येता सिंहस्थ २०२७ चा आहे, आजची मुलंही कुठेतरी उभी राहतीलच.

शिवाय जुनी इमारत मे महिन्यात रिकामी होणार आहे, असं ऐकतो. रिकामी करताना दप्तराचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. शहरातल्याच एका जुन्या संस्थेच्या नोंदी बघायला गेलो होतो, तर मागच्याच आठवड्यात सगळं वजनावर गेलं होतं. देणाऱ्या कारकुनाच्या मनात काहीही वाईट नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्ही आजच सांगा. १९६० च्या आधीचं एकही बुक, फाटकं असलं, वाळवी लागलेलं असलं, तरी समितीने पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असं कार्यालयाला लेखी द्या. पानांचे फोटो काढायला मी स्वतः रोज सकाळी येईन. पथकातले आणखी दोघे येणार आहेत.

मजकुराविषयी माझी मागणी एवढीच, की 'स्थापना १९५२' हे शब्द काढा. त्या जागी, १९३६ च्या आधीपासून बालवीर पथक म्हणून सुरू, १९५२ मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्स संस्थेत नोंद, असं लिहा. खाली दोन ओळींचं आवाहन द्या, जुने फोटो, स्कार्फ, प्रमाणपत्रं, वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी दाखवाव्यात. फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, असं जरूर लिहा. पुष्कळदा तारीख तिथेच असते. आणि अर्ध्या पानाची दोन पानं करा. जाहिरातीचं एक पान कमी झालं तर त्याचा खर्च आम्ही पथकातली जुनी मुलं मिळून भरू. आमच्या वेळी खरी कमाईच्या, म्हणजे स्काऊटांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या, दिवशी भेळ विकून आम्ही तंबू दुरुस्त केला होता. हेही जमेल.

वही माझी नाही, शाळेची आहे. ती परत द्यायची माझी तयारी आहे. एकच अट आहे: नव्या इमारतीत तिच्यासाठी कुलूप लागणारं कपाट द्या आणि ते तळमजल्यावर नको. तोवर ती माझ्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत आहे. रविवारी सकाळी दहा ते एक मी घरी असतो. येताना मोडी वाचणारं कुणीतरी बरोबर आणा, शेवटच्या चार पानांवर हिशेब आहे आणि तो मला लागत नाही.

आपला नम्र,
वाघ संघाचा एक जुना संघनायक
जुने नाशिक